पाचवा चमचा

अंतिम शर्यतीत त्यांची बोट शेवटची आली. सहा बोटींत सहावी. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे पाचवी बोट पोहोचल्यावर उठून चहाला गेले, चहा पिऊन परत आले, तरी सहावी अजून पाण्यातच होती. पाहुण्यांना वाटलं, ही पुढच्या शर्यतीची पहिली. त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

तर हे असं काही घडलेलं नाही. बोट क्लबची अधिकृत भूमिका तीच आहे, आणि क्लबशी वाकडं घेऊन आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. तेव्हा आपणही ते घडलंच नाही असं धरू आणि मोकळ्या मनाने त्याच्या आधीपासून सुरुवात करू.

बोट चौघांची. म्हणजे वल्हवणारे चार, आणि पाचवी शिट्टी. शिट्टी ही मुलगी होती. वय बावीस, अंगाने काडी, आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या काठावर झोपलेला माणूस उठून हजेरी देईल. ती कॉक्स होती. बोटीच्या मागच्या टोकाला खोबणीत बसायचं, दोरीने सुकाणू फिरवायचं, आणि डोक्याला बांधलेल्या माईकमधून चौघांना कधी रेटायचं, कधी आवरायचं ते सांगायचं. वल्हवणारे चौघं जायच्या दिशेला पाठ करून बसतात. थोडक्यात, जे राबतात त्यांना आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, आणि जिला दिसतं ती राबत नाही. पुष्कळ ठिकाणी याला ऑफिस म्हणतात. पाण्यावर रोइंग म्हणतात.

शिट्टीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा, मौनी बसायचा. त्याच्या ठेक्यावर बाकीचे तिघे वल्हं मारायचे. मौनी दोन वर्षांत तीन वाक्यं बोलला होता, त्यातलं एक राँग नंबरला. त्याच्या मागे खांब. नाव का पडलं ते तो दारातून आत येताना वाकला की कळायचं. खांबामागे आजोबा, वय अठ्ठावीस, कंबर सत्तरची. आणि टोकाला जुळ्या. त्याचा जुळा भाऊ पाण्याला घाबरायचा आणि कधी तलावाकडे फिरकला नव्हता, पण जुळ्याच्या हातून काही बिघडलं की ते हमखास भावाने केलेलं असायचं.

हे चौघं शिट्टीला प्रेमाने सामान म्हणत.

"सामान चढलं का?"

"चढलं. पण डावीकडे कलतंय. जेवून आलंय वाटतं."

शिट्टी हसायची. हसण्यावाचून इलाज नव्हता, कारण सामान चिडलं की आणखी मजा येते. पण त्या वर्षी क्लबच्या सेक्रेटरींनीही तोच शब्द धरला. सभेत ते म्हणाले की पन्नास किलोचं न वल्हवणारं वजन ओढायचं कशाला? या वेळी पदक आलं तर ठीक. नाही आलं तर पुढच्या वर्षीपासून हे चौघं बिनकॉक्सच्या गटात उतरतील. तसा गट असतोच. त्यात सुकाणू एका वल्हेकऱ्याच्या बुटाला बांधतात.

"म्हणजे माझ्या जागी बूट?" शिट्टीने विचारलं.

"एकच," सेक्रेटरी म्हणाले. "उजवा."

तेव्हापासून शिट्टीच्या डोक्यात तो बूट चालायला लागला.

याच सुमारास मास्तरांच्या मेहुण्याने पावडर आणली. मास्तर म्हणजे त्यांचे कोच; पाण्यावर वाघ. पण मेहुण्याला नाही म्हणणं म्हणजे बायकोला नाही म्हणणं, आणि तो प्रयोग मास्तरांनी संसारात एकदा करून पाहिला होता. मेहुण्याने आधी मसाजच्या खुर्च्या विकल्या होत्या, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं. आता तो खेळाडूंना ताकद विकत होता. डबा भगभगीत नारिंगी, त्यावर नाव 'वादळ', आणि नावाखाली एक माणूस, ज्याला मान नव्हती.

"सरावाआधी एक चमचा पाण्यात," मेहुणा म्हणाला. "मग बघा."

पी हळद आणि हो गोरी. चौघांनी पिऊन पाहिलं आणि चौघंही त्या दिवशी शेडच्या भिंतीला धडका देत फिरले. मग भांडणं सुरू झाली. डबा लवकर संपायला लागला. आजोबा म्हणाले, जुळ्या दोन चमचे घेतो. जुळ्या म्हणाला, तो मी नव्हे, तो माझा भाऊ. प्रकरण पावडर घुसळायचे शेकर फेकाफेकीवर गेलं तेव्हा मास्तरांनी नियम काढला: एक बोट, एक चमचा. सरावाआधी सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, मास्तर स्वतः चमचा भरणार, वरची रास नटबोल्ट आवळायच्या पान्याच्या दांड्याने सपाट करणार, आणि जो तो समोरच पिणार. कमी नाही, जास्त नाही. एका बोटीत एकाच्या अंगात वादळ आणि दुसऱ्याच्या अंगात झुळूक असं चालणार नाही.

शिट्टी बाजूला दोरी गुंडाळत उभी होती.

"तू का मागे?" मास्तर ओरडले. "बोटीत माणसं किती?"

"चार," खांब म्हणाला.

"पाच!" मास्तर म्हणाले. "माणसं पाच, तर चमचे पाच. चल, रांगेत."

क्लबमध्ये आल्यापासून कुणी पाचपर्यंत मोजल्याची ही पहिलीच वेळ. शिट्टी धावत रांगेत गेली आणि एका दमात सगळं प्यायली. चव गंजलेल्या खिळ्यावर संत्रं पिळल्यासारखी. तिला ती फार आवडली.

चमचा नव्वद किलोच्या माणसाच्या मापाचा होता. शिट्टी पन्नासची, तीही ओल्या कपड्यांसकट. शिवाय चौघं ते वादळ वल्ह्यावाटे पाण्यात सोडून मोकळे व्हायचे. शिट्टीने बसून राहायचं होतं. अंगात आलेलं बाहेर काढायला तिच्याकडे एकच वाट होती, तोंड. त्या दिवसापासून माईक तापायला लागला.

बसल्या जागी तिचे तळवे खाजायचे. पापणी एकटीच फडफडायची. सुकाणूची दोरी धरलेल्या बोटांना बारीक कंप सुटला आणि बोट पाण्यात नागमोडी रेघ ओढू लागली. मास्तर काठावरून विचारायचे, वाटेत कुणाला चुकवतेयस? सराव संपला की चौघं आडवे व्हायचे आणि शिट्टी शेडमधले नटबोल्ट आकाराने लावायची. ते झाले की रंगाने. ते सगळे एकाच रंगाचे होते. तिने तरी लावले.

घरी ताई होती. शिट्टीची मोठी बहीण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दिवसभर ती नवशिक्यांच्या शेजारी बसून स्वतःच्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायची, आणि घरी आल्यावरही तिचा उजवा पाय कुणी जोरात बोललं की जमिनीत रुतायचा. त्या संध्याकाळी ती आली तेव्हा शिट्टीने स्वयंपाकघरातली सगळी भांडी खाली काढली होती आणि ती उंचीप्रमाणे परत लावत होती. तोंडाची टकळी चालूच होती. ताईचा पाय रुतला.

"खाली बस."

"बसलेच होते गं, दिवसभर बसलेच होते, ते पातेलं दे, ते नाही, त्याच्या बाजूचं."

ताईने पातेलं दिलं नाही. मनगट धरलं. ठोके मोजले.

"हे काय आहे? तू काय घेतेस?"

"पावडर. सगळेच घेतात."

"सगळे वल्हवतात."

"मीपण बोटीतच असते ना?"

"मीपण गाडीतच असते," ताई म्हणाली. "म्हणून मी पेट्रोल पीत नाही."

शिट्टीने यावरचं उत्तर शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला, अंथरुणात, डोळे टक्क उघडे ठेवून. त्याऐवजी तिला बूट दिसला. उजवा.

दुसऱ्या दिवशी तिने मेहुण्याला शेडच्या दारात गाठलं.

"यात आहे काय?"

"ऊर्जा."

"कशाची?"

"हे बघ पोरी, डब्यावर लिहिलंय, खास मिश्रण. कंपनीने मलासुद्धा सांगितलेलं नाही. म्हणजे किती खास, विचार कर."

"कॅफीन किती आहे?"

"आहे तेवढं आहे. त्याच्याबाहेर एक कण नाही."

"आणि तपासणीत काही सापडलं तर?"

"सापडायला काय शोधायचं ते माहीत पाहिजे ना," मेहुणा समजुतीने म्हणाला. "ते आपल्यालाच माहीत नाही, तर त्यांना कुठून असणार?"

शिट्टी मास्तरांकडे गेली. म्हणाली, मला अर्धा चमचा द्या, छाती धडधडते. मास्तरांनी पान्याने पाठ खाजवली.

"तुला अर्धा दिला की जुळ्या दीड मागणार. अर्धा भावाचा. तुला नको असेल तर घेऊ नकोस, माझी जबरदस्ती नाही. मग चमचे चार. आणि चार चमच्यांची बोट म्हणजे..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. शिट्टीने मनात केलं, आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

आता इथे शिट्टीच्या कामाची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. क्लबच्या बोटीवरचं वेळ दाखवणारं यंत्र कधीच भिजून मेलं होतं. ते दुरुस्तीला गेलं होतं आणि तिकडेच स्थायिक झालं होतं. पण शिट्टीला त्याची गरज पडत नसे. माईकचा पट्टा तिच्या हनुवटीखाली बसायचा, आणि पट्ट्याखाली गळ्याची नाडी उडायची. ती नाडीवर शर्यत मोजायची. इतके ठोके झाले की पाव अंतर, इतके झाले की अर्धं, इतके झाले की शेवटचे दोनशे मीटर, आता जीव टाका. बाकी कॉक्स उत्तेजित होतात. शिट्टी शर्यतीत थंड असायची, दगडासारखी, आणि तिची नाडी घड्याळासारखी. तिचा सगळा मोठेपणा त्या गळ्यात होता. चौघांनाही ते माहीत होतं. शिट्टीने "शेवट" म्हटलं की शेवट.

आणि त्याच गळ्यात आता मास्तर रोज एक सपाट चमचा ओतत होते.

प्राथमिक फेरीत नाडी जरा पुढे पळाली. शिट्टीने शेवटचा जोर नेहमीपेक्षा लवकर मागितला. समोरच्या बोटी लेच्यापेच्या होत्या, चौघांनी कसंबसं रेटलं आणि बोट पहिली आली. खांब काठावर उलटी करून आला आणि म्हणाला, आयुष्यात इतकं चांगलं वाटलं नव्हतं. सेक्रेटरींनी शिट्टीकडे पाहून मान हलवली. नक्की कुठल्या दिशेला ते कळलं नाही. श्रेय अर्थातच डब्याला गेलं. मेहुणा छाती फुगवून फिरला, आणि अंतिम शर्यतीच्या सकाळी नवा डबा घेऊन हजर झाला. हा काळा होता. नाव 'महावादळ'. यावरच्या माणसाला मान नव्हतीच, आता डोकंही जेमतेम होतं.

"याचा एक म्हणजे त्याचे दोन," मेहुणा म्हणाला.

मास्तरांनी चमचे भरले. पान्याने सपाट केले.

शिट्टीने मात्र ठरवलं होतं. रात्र तिने छताकडे बघत काढली होती आणि सकाळी तिच्या गळ्यात एकाच्या जागी दोघं जण दार वाजवत होते. ती शेकर घेऊन धक्क्याच्या टोकाला गेली. पाठ केली. ओतून द्यायचं, ओठ पुसायचे, परत यायचं. माशांचं काय व्हायचं ते होवो. तिने शेकर कलता केला.

"ए शिट्टी!"

मागे खांब उभा होता. त्याच्यामागे बाकीचे तिघे, प्रत्येकाच्या हातात शेकर. दोन वर्षांत त्याने तिला या नावाने पहिल्यांदा हाक मारली होती.

"एकटीच पितेस होय?" खांब म्हणाला. "चल, एकत्र. सामान आज घरी ठेवलंय आम्ही."

"ते मी म्हटलं होतं," जुळ्या म्हणाला.

"तुझ्या भावाने," आजोबा म्हणाले.

मौनीने आपला शेकर तिच्या शेकरवर आपटला. पाच शेकर एकमेकांवर वाजले. शिट्टीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जगातली कुठलीही शहाणी मुलगी ज्या क्षणी नाही म्हणाली असती, त्या क्षणी तिने ते तळाच्या गुठळ्यांसकट पिऊन टाकलं.

शर्यत सुटली. सुटताच शिट्टीला जाणवलं की आज सगळं फार हळू चाललंय. पाणी हळू, वल्ही हळू, काठावरची माणसं हात वर करताहेत आणि हात वर पोहोचतच नाहीत. फक्त गळा पळत होता. ठोका, ठोका, ठोका, मोजता मोजता जीभ अडखळावी असे ठोके. ती ओरडली, वाढवा! चौघांनी वाढवलं. ती ओरडली, आणखी! बोट पाण्यावरून नव्हे, पाण्याच्या वरून चालली होती. उजवीकडच्या दोन बोटी मागे पडल्या. डावीकडच्या तीनही. पुढे फक्त रिकामं पाणी. आणि तिच्या गळ्याने सांगितलं: झालं, आलं, शेवटचे दोनशे.

त्याच वेळी काठावरचा अंतराचा बोर्ड गेला. त्यावर एक हजार लिहिलं होतं. शर्यत दोन हजारांची होती.

शिट्टीला एक क्षण वाटलं, बोर्ड चुकीचा लावलाय. नौकानयन मंडळाचे बोर्ड चुकणं नवीन नव्हतं. तिचा गळा आजवर एकदाही चुकला नव्हता.

"शेवटचे दोनशे!" ती माईकमध्ये किंचाळली. "सगळं टाका! मागे काही ठेवू नका!"

त्यांनी काही ठेवलं नाही. आजोबांनी कंबर टाकली. खांबाने डोळे मिटले. पुढची सहाशे मीटर ती बोट त्या तलावावर आजवर कुणी गेलं नसेल अशी गेली. मध्ये शिट्टीने आणखी दोनदा "शेवटचे दोनशे" मागितले आणि तेही तिला मिळाले. मग आठवा बोर्ड, की सोळावा, कुठलासा बोर्ड येता येता खांबाचं वल्हं पाण्यात अडकलं, दांडा त्याच्या पोटात बसला, आजोबा हळूच आडवे झाले, आणि बोट थांबली. चार माणसं ओणवी पडून श्वास शोधत होती. शिट्टी ताठ बसून समोर पाहत होती. शेवटची रेघ होती तिथेच होती, चारशे मीटर लांब, सावकाश डोलत.

डावीकडून तीन बोटी गेल्या. उजवीकडून दोन. सगळ्या अगदी आरामात.

डॉक्टरांच्या तंबूत तिची नाडी मोजताना डॉक्टरांनी घड्याळ हलवून पाहिलं, मग दुसरं घड्याळ मागवलं.

"वल्हवलंस तू?"

"नाही. बसले होते."

"मग हे चाललंय कुठे?" डॉक्टरांनी तिला आडवं केलं, छातीला तारा लावल्या आणि आवाज खाली आणला. "नीट ऐक. हे थट्टेवारी न्यायचं नाही. असे ठोके मध्येच चुकतात, आणि चुकले की माणूस बसल्या जागी पडतो. तू तर पाण्यात होतीस. काय प्यायलीस, किती, डबा कुठाय?"

डबा नव्हता. मेहुण्यालाही कुणी पाहिलं नव्हतं. नंतर कळलं, त्याला शर्यतीच्या मध्यावरच आठवलं होतं की तो आता गाद्या विकतो. मास्तर मात्र तंबूच्या दारात उभे राहिले, आत येईनात. हातात पाना तसाच होता. तिथूनच ते एवढंच म्हणाले, "अर्धा मागितला होतास तू." आणि गेले.

मग मौनी आत आला. खुर्ची ओढून, बोटीत बसायचा तसाच गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"मला माफ करा रे," शिट्टी म्हणाली. "मी अर्ध्यातच..."

"हजारचा बोर्ड मला दिसला होता," मौनी म्हणाला.

शिट्टी तारांसकट उठून बसली. "दिसला होता? मग थांबला का नाहीस?"

मौनीने विचार केला.

"तू शेवट म्हणालीस."

सेक्रेटरींनी निकाल दुसऱ्याच दिवशी लावला: पुढच्या वर्षी बिनकॉक्स. शिट्टी आठवडाभर आडवी होती. ताई रोज कामावरून येऊन मनगट धरायची, आणि रोज तिचा पाय जमिनीतून थोडा थोडा सुटत गेला. शिट्टी परत शेडमध्ये गेली ती आपला माईक न्यायला. तिथे चौघं एका उलट्या बोटीवर कागद ठेवून उभे होते आणि मंडळाला करायच्या अर्जावरून भांडत होते.

"'विनंती' लिही. 'मागणी' नको."

"भीक लिहू का मग?"

"सुकाणू माझ्या बुटाला बांधणार म्हणे," आजोबा म्हणाले. "मला आजवर एकदाही मागे वळून बघता आलेलं नाही. ही कंबर. आम्ही सरळ पुलाच्या खांबात जाऊ."

"माझं नाव कशाला घेतोस?" खांब म्हणाला.

"शिट्टी आली," जुळ्या म्हणाला. "हिला विचारा."

"मला नका विचारू," शिट्टी म्हणाली. तिला पाहून कुणी 'सामान कलतंय' म्हटलं नाही, आणि तेच तिला सहन होईना. "ठरलंय ते. तुम्ही बिनकॉक्समध्ये उतरायचं, मी घरी बसायचं. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

मौनीने जुळ्याच्या हातातून पेन काढून घेतलं. "मी सांगतो," तो म्हणाला, आणि सगळे त्याच्याकडे वळले, कारण हे म्हणजे त्याचं वर्षाचं बोलणं एका दिवसात संपत होतं. मग त्याने सांगितलं आणि स्वतःच लिहिलं, वल्ह्याच्या ठेक्यात, एकेक शब्द ओढून:

मा. अध्यक्ष, नौकानयन मंडळ, यांस सविनय सादर.

विषय: बिनकॉक्स चौघांच्या गटात कॉक्ससह उतरण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, आम्ही खाली सही करणार चौघे पुढील वर्षी बिनकॉक्स गटात भाग घेणार आहोत. सदर गटात कॉक्स नसावा असा नियम असल्याचे आम्हांस मान्य आहे व त्या नियमाबद्दल आम्हांस आदर आहे. तथापि आम्हांस कॉक्स हवी आहे. ती स्वतः बसून राहील, कोणतीही पावडर, गोळी वा पेय घेणार नाही, आणि ती सांगेल तेथेच शर्यत संपते असे आम्ही मानत आलो असल्याने, मंडळाने आपली शेवटची रेघ त्याप्रमाणे हलवण्याची तयारी ठेवावी. तिचे वजन जास्त होत असल्यास तेवढे आमच्या चौघांतून कमी करून घ्यावे. तरी कृपया योग्य ती परवानगी लेखी स्वरूपात, शक्य तितक्या लवकर, व कॉक्सच्या नावे देण्यात यावी, ही विनंती.